सागरनाथांची जिवंत विभूती

पिंपळगाव बसवंतला समुद्र नाही. पार दूरपर्यंत नाही. समुद्रात उभं राहून तपश्चर्या केलेल्या महाराजांना त्यामुळे इथे चांगलाच वाव होता. खरं-खोटं विचारायला इथे कोळी कुठून आणायचा?

श्रावणात द्राक्षांची पॅकहाऊसं रिकामी असतात. क्रेट भिंतीला लावून रचलेले, वजनकाटे झाकलेले. त्यातल्याच एका पॅकहाऊसमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर काचेची मोठी बरणी, बरणीवर भगवं फडकं, शेजारी पेटलेली समई. मागे सागरनाथ महाराज.

"काल सांजच्याला या पाण्यात तुमच्यासमोर काय टाकलं?"

"विभूती!"

"विभूती म्हंजे?"

"राख!"

"राख म्हंजे मेलेलं. आन् मेलेल्याच्या पल्याड काय ऱ्हातं?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"पल्याड जीव ऱ्हातो, बाबांनो!" असं म्हणून महाराजांनी फडकं ओढलं. शेडमधले दिवे गेले, म्हणजे एका सेवेकऱ्याने घालवले.

बरणीतल्या पाण्यात नारिंगी कण हलत होते. हजारोंनी. महाराजांनी समई उजवीकडे ठेवली, कण उजवीकडे गेले. डावीकडे ठेवली, डावीकडे आले. "बघा, बघा, आत्मे ज्योतीच्या दर्शनाला कसे रांग लावत्यात!" बायांनी हात जोडले. माझ्या पुढच्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी हात जोडले नाहीत, पण मान मात्र लांब केली. दिसत होतं ते खोटं नव्हतं. पाण्यात जीव होते. खोटेपणा असलाच तर तो बरणीत नव्हता, बरणीमागे बसला होता.

मी तिथे गेले ती माझ्या भाचीसाठी. माझा धाकटा भाऊ संतोष कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. त्याची मुलगी पायल तिसरीत शिकते. तिला फिट यायच्या. नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती. मग महाराज आले. रोज सकाळी बरणीतलं वाटीभर तीर्थ प्यायचं आणि गोळ्या बंद करायच्या, असा त्यांचा हुकूम होता. "जीव आन् विष एका पोटात नांदत नाय," असं ते म्हणाले. संतोषने गोळ्यांचं पाकीट कपाटात वर टाकून दिलं.

"अरे, तू शिकलेला माणूस ना?" मी त्याला घरी विचारलं.

"म्हणूनच तपासून पाह्यलं, ताई. विभूती त्यांची, मान्य. पण पाणी आपल्या हंड्यातलं, मीठ आपल्या डब्यातलं, भांडं आपलं. दार लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी हे एवढे जीव! यात हातचलाखी कुठं करणार माणूस?"

"मीठ कशाला घालायचं?"

"समुद्राची विभूती हाय ना ती. गोड्या पाण्यात आत्मा उतरत नाय."

आई कोपऱ्यात जप करत होती. तिने जपमाळ न थांबवता सांगितलं, "मीने, सगळ्यालाच पुस्तक लावू नको." आई, म्हणजे चतुराबाई, गळ्यात तुळशीची माळ घालणारी. आठवडी बाजारात सुकटवाली बसते त्या बाजूने ती जातसुद्धा नाही. वास आला तर घरी येऊन तुळशीपाशी हात धुते. तीही रोज सकाळी वाटीभर तीर्थ पीत होती.

पुढच्या आठवड्यात पायलला शाळेच्या नळाशी फिट आली. कपाळ सिमेंटच्या कट्ट्यावर आपटलं, टाके पडले. सायली, तिची आई, दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून बसली होती. "ताई, तुम्हीच बोला यांच्याशी. माझं कुणी ऐकत नाय." मी बोलले. पण महाराज माझ्याआधी बोलून गेले होते, "रोग निघतोय. निघताना दार आपटतोच." गोळ्या कपाटातच राहिल्या.

मला तेव्हा राग आला नाही, भीती वाटली. पुढची फिट विहिरीच्या काठावर आली असती, रस्त्यात आली असती. संतोषशी वाद घालून ही भीती जाणार नव्हती. मी देवघरातून चिमूटभर विभूती कागदात बांधली आणि कॉलेजात नेली.

सूक्ष्मदर्शकाखाली राख नव्हती. तपकिरी गोळे होते, सगळे एकाच मापाचे, हवा गेलेल्या चेंडूसारखे एका बाजूने दबलेले. राख इतकी शिस्तीची नसते. मी मिठाचं पाणी केलं, त्यात ते टाकले. दुसऱ्या दिवशी गोळे फुटले होते आणि एक डोळा, तीन जोड्या अवयव असलेली पिल्लं पाण्यात वल्ही मारत होती.

आर्टेमिया. मिठागरात, खाऱ्या तळ्यात वाढणारा बोटाच्या नखाएवढा प्राणी. तळं आटायला लागलं की मादी अंड्यांभोवती जाड टरफल घालते. आतला गर्भ अर्ध्या वाटेवर थांबतो. वाळतो, पण मरत नाही. वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतो आणि खारं पाणी मिळालं की जिथे थांबला होता तिथून पुढे वाढायला लागतो. पिल्लं उजेडाकडे पोहतात, समई असो की मोबाइलची बॅटरी. माशांना, कोळंबीच्या पिल्लांना खाऊ म्हणून ही अंडी डबाबंद विकत मिळतात. नाशिकमध्ये, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात. मी जाऊन डबा आणला.

खरं सांगते, इतकी वर्षं शिकवूनही त्या पिल्लांकडे बघताना मला गंमत वाटली. महाराजांच्या थापेपेक्षा खरी गोष्ट किती तरी मोठी होती.

पुढच्या सभेत मी माझी बरणी घेऊन गेले आणि महाराजांच्या बरणीशेजारी ठेवली. शेजारी बॅटरी लावली. माझेही आत्मे रांगेने दर्शनाला आले. मी डबा उंच धरून म्हणाले, "ही विभूती दुकानात मिळते. माझ्याकडे कसलीही सिद्धी नाही."

मग एक म्हातारे उठले आणि माझ्या पाया पडले. "बाई, तुमच्यातबी शक्ती हाय!"

पुरावा देऊन माणसं शहाणी होतात या समजुतीवर मी तोपर्यंत जगत होते. मागून आणखी दोघी माझ्या पायांकडे निघाल्या.

"थांबा!" मी म्हणाले. "ही राख नाही, अंडी आहेत. आणि हे आत्मे नाहीत, प्राणी आहेत. खेकडा, कोळंबी, तुमच्या बाजारातली सुकट, त्याच कुळातला हा प्राणी."

पहिल्या रांगेत आईची जपमाळ थांबली.

"सुकट?" ती म्हणाली. "मीने, आमी श्रावणात सुकट प्यालो?"

ज्या सभेला शास्त्राने हलवलं नव्हतं, ती आता मुळापासून हलली. माळकरी उभे राहिले. कुणी तोंडावर पदर दाबला, कुणी नळाकडे धावलं. "महाराज, हे खरं हाय का?" अशी ओरड सुरू झाली. महाराजांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. अर्धे भक्त माळकरी, उरलेल्यांचा श्रावण.

"अजाबात नाय!" महाराज टेबलावर हात आपटून ओरडले. "सुकट नाय ही! सुकटीच्या पाठीवर ढाल असती. हिला ढालच नसती! मोठी झाली की पानावानी चपटे पाय फुटत्यात हिला, आन् उताणी पोहती ही! सुकट कवा उताणी पोहती का? जातच येगळी हाय!"

मी डबा खाली ठेवला.

"महाराज, अगदी बरोबर," मी म्हणाले. "लांबचं नातं आहे, जात वेगळी. माझ्या विद्यार्थ्यांना हे वर्षभर सांगूनही परीक्षेत आठवत नाही. पण ही पिल्लं कालची आहेत. तुम्ही तर रोज तीर्थ वाटून टाकता. मोठी झाल्यावर ती उताणी पोहतात, हे तुम्ही पाहिलं कुठे? आणि आत्म्याला पाय कधीपासून फुटायला लागले?"

महाराजांच्या मदतीला सेवेकरी धावला. "का नाय ठावं असणार? म्हाराज आधी कोळंबीची पिल्लं वाढवत्यात त्या हॅचरीत व्हते की, लय वर्सं!" तो अभिमानाने म्हणाला.

यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

माणसं उठली. दाराशी फुलाबाई मला आडवी आली. तिच्या भांड्यात कधीच जीव उतरले नव्हते. तिच्या हातात पाप आहे असं सांगून महाराजांनी तिला सगळ्यांच्या मागे, क्रेटपाशी बसवलं होतं. तिने दबक्या आवाजात विचारलं, "बाई, मंग माझ्याच घरी कामून नाय उतरले?"

"पाणी कसं घ्यायच्या?"

"उकळून. पावसाळ्यात मी पाणी उकळूनच घेती. त्या उकळत्यातच टाकायची."

"मग अंडी शिजली, फुलाबाई. पाप नाही, काही नाही. पाणी उकळता ते चांगलंच करता."

तिने पदराने तोंड पुसलं. महाराजांचा खरा संताप मला तेव्हा आला.

संतोष मात्र दिसेना. घरी गेले तर तो खुर्चीवर चढून कपाटाच्या वरचा खण उपसत होता. पाकीट सापडल्यावरही तो खाली उतरला नाही, तसाच उभा होता. "ताई, मी स्वतः तपासलं होतं गं," तो म्हणाला.

"जीव आहेत का, एवढंच तपासलंस. कशाचे आहेत ते विचारलं नाहीस. आणि त्यांचा पायलच्या फिटशी काय संबंध, तेही नाही. आता उतर, डॉक्टरांना फोन लाव."

डॉक्टरांनी त्याला फोनवर भरपूर ऐकवलं, गोळ्या कशा सुरू करायच्या ते सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आई नळापाशी अजून चुळा भरत होती.

महाराज पहाटेच गेले. गाव त्यांच्यावर चिडलं ते श्रावण बाटवला म्हणून. पोरीच्या कपाळाला टाके पडले म्हणून फारसं कुणी चिडलं नाही. आठवडाभर लोक मला प्रायश्चित्त विचारत होते. पुढचा महाराज शुद्ध शाकाहारी चमत्कार घेऊन आला तर हेच लोक पुन्हा सतरंजीवर बसतील, ही धास्ती मला आहे. म्हणून हे लिहिते आहे. डोळ्यांना दिसलं ते खरं असेलही. पण ते कशामुळे झालं आणि त्याचा आपल्या दुखण्याशी काय संबंध, हे विचारल्याशिवाय कुणाचं औषध बंद करू नका.

डॉक्टरांना फोन केला त्या संध्याकाळी सायलीने पायलच्या हातावर गोळी ठेवली. पायलने ती उजेडात धरून निरखली.

"आत्या, ही पाण्यात टाकली तर काय निघतं हिच्यातून?"

"काही नाही. पोहत नाही, दिव्याकडे धावत नाही. नुसती विरघळते."

"मग ही करते काय?"

"तुला पडू देत नाही," मी म्हणाले.

पायलने कपाळाच्या पट्टीला हात लावला आणि गोळी गिळली.