सोमवारचं चिकन

"यात कोणीही मेलेलं नाही," असं म्हणत श्यामने दोन गोठलेली पाकिटं ओट्यावर ठेवली.

मला चौकशा फार. मी हात पुसले आणि आधी एक पाकीट वाचलं, मग दुसरं; दोन्हींवर नाव वेगळं. श्याम दोह्यातल्या एका खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या कंपनीत लेबलं तपासतो. परदेशी मालावर अरबीत काय लिहायचं आणि किती मोठ्या अक्षरांत, हे त्याचं काम. ही पाकिटं अमेरिकेतून नमुना म्हणून आली होती. कोंबडीच्या पेशी टाकीत वाढवून केलेलं मांस. इथे त्याला काय म्हणायचं, हे श्यामने गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगायचं होतं.

"माल एकच, मग नावं दोन का?"

"तिकडे राज्याराज्याचा कायदा वेगळा. कुठे म्हणतात 'पेशींपासून वाढवलेलं' लिहा, कुठे 'प्रयोगशाळेत वाढवलेलं' चालतं, आणि तेही नावाला चिकटून, ठळक. काही राज्यांनी तर विकायलाच बंदी केलीय."

"आणि पेशी कोणाच्या?"

"कोंबडीच्या."

"ती कोंबडी कुठे आहे?"

"असेल की जिवंत."

"असेल म्हणजे? विचारलंस का?"

श्याम हसला. "मुदस्सिरने मेल टाकलाय. हलालसाठी त्यालाही हेच हवंय."

म्हणजे त्यांच्या ऑफिसात एक तरी शहाणा माणूस होता.

माझं माहेर वाईचं, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. श्याम सिन्नरचा. लग्नाआधीच ठरलं होतं की त्याचं पातेलं, त्याचं ताट, त्याचा चमचा वेगळा. चिकन असलं की तो सगळं घेऊन बाल्कनीत जातो. दोह्याजवळच्या आमच्या लुसैलच्या उन्हाळ्यात तिथे बसून जेवणं म्हणजे शिक्षाच, पण रस्सा भुरकताना घाम पुसत तो बसतो आणि मी आत वरणभात जेवते. भांडण कधी झालं नाही. तरी आपण दोघांनी एकदा तरी एका कढईतलं खावं, ही त्याची इच्छा मला माहीत होती. त्या संध्याकाळी त्याने ती बोलून दाखवलीच.

"एकदाच, वल्लरी. माझ्यासोबत. आवडलं नाही तर खलास, परत नाव काढणार नाही."

मेलचं उत्तर आलं की सांगते, असं मी म्हटलं. उत्तर आलं. पेशी अंड्यातून घेतलेल्या होत्या. आता अंडं मी केकमधून न विचारता खाते, तेव्हा मी हो म्हटलं.

प्रश्न उरला भांड्याचा. अमेरिकेने पाकिटावर काहीही लिहावं, आमच्या घरी लेबल म्हणजे भांडं. त्याच्या पातेल्यात शिजलं तर ते मांस, माझ्या कढईत शिजलं तर भाजी. मी बराच वेळ दोन्हींकडे बघत उभी राहिले आणि शेवटी माझी कढई घेतली. काळा मसाला घातला. झाकण काढून वास घेतला, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. बाल्कनीच्या दारातून यायचा तोच वास, जरासुद्धा वेगळा नाही. मी नाक मुरडलं, आणि चव कशी असेल ते बघायचंही होतं.

श्याम ऑफिसातून आला तेव्हा टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. कढई बघून त्याचा चेहरा असा फुलला की मला माझ्या नाक मुरडण्याची लाज वाटली. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि हात तिथेच थांबला.

"आज वार काय?"

"सोमवार."

त्याने घास ताटात ठेवला. "अगं, सोमवारी मी कुठे खातो?"

"काय खात नाहीस?"

"चिकन," तो म्हणाला.

मला आधी हसू आलं, मग सणकून राग. "शंकरासाठी चिकन आणि माझ्यासाठी भाजी?"

"देवाला कसं फसवणार, वल्लरी?"

"आणि मला?"

त्याने ताट थोडं बाजूला सारलं.

"तुला फसवायचं नव्हतं गं," तो म्हणाला. "मला एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय."

इतकं साधं होतं ते. मला रडू आलं, तो मात्र ताटातल्या घासाकडेच बघत होता. आम्ही दोघांनी दहीभात खाल्ला. मी एकही तुकडा तोंडात घातला नाही आणि चव कळली नाही याची रुखरुख मला अजून आहे. कढई त्याच्या भांड्यांत गेली. लेबलावर 'चिकन' लिहायचं आणि 'पेशींपासून वाढवलेलं' तितक्याच मोठ्या अक्षरांत, हे त्याने त्याच रात्री ठरवलं.

बुधवारी त्याने उरलेला रस्सा गरम केला आणि नेहमीसारखा बाल्कनीत गेला. मी माझं पिठलं-भाकरीचं ताट उचललं आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.

"इथे कशाला? उकडतंय किती. आत जा."

"मग तूही चल," मी म्हटलं. "ते ताट घेऊन. टेबलावर."

"वास येईल तुला."

"येऊ दे."

तो उठला. मग दोन्ही हातांनी ताट धरून, रस्सा सांडू नये म्हणून हळूहळू, आत आला.