पोचे झाकू की नको?

मी एक जुनी, शिकवणीची गाडी आहे. माझ्यात ब्रेक दोन ठिकाणी आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. कोणी चुकलं तर दुसऱ्याला सावरता यावं म्हणून ही सोय. मित्रांनो, एवढी सोय असूनही मी किती वेळा खांबांना भेटले, ते माझ्या अंगावर वाचता येईल.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी स्वच्छ पांढरी होते. मला विकत घेणाऱ्या बाईंनी छपरावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी लावली आणि लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणू लागले. माझ्यावर कोण कोण शिकलं! परिचारिका, किराणा दुकानदार, नुकतीच नोकरी लागलेली मुलं, घरी थांगपत्ता लागू न देता येणारी एक सून. त्यांनी गिअर टाकताना माझे दात झिजवले, चढावर मला मागे घरंगळू दिलं. परीक्षा पास झाले की मात्र जाताना बॉनेटवर थाप मारायचे. बाई म्हणायच्या, "ही शिकवते, मी नुसती शेजारी बसते." माझी छाती फुगायची.

पुढे बाईंचे गुडघे दुखावले आणि शाळा त्यांच्या लेकीकडे आली. त्याच सुमारास समोरच्या रस्त्यावर दुसरी शाळा निघाली. तिच्या लाल गाड्यांत तोंड दिसायचं. माझ्या छपराचे मात्र पोपडे निघत होते. चौकशीला येणारे माझ्याभोवती एक फेरी मारत आणि "कळवतो" म्हणून जात. एकजण फाटकाबाहेर पडताच "खटारा" म्हणाला. मी ऐकलं. लेकीनेही ऐकलं.

मग व्हिनाइलच्या रॅपची गोष्ट निघाली. म्हणजे रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा गाडीच्या अंगभर चिकटवायचा. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच असल्यामुळे सगळं कानावर पडायचं. निळा रॅप करूनच घेऊ, असा लेकीचा हेका होता. शाळा आता तुझी, तुला हवं ते कर, असं बाई म्हणत. संध्याकाळी मात्र त्या काठी टेकत बाहेर येत, माझ्या बॉनेटवरून हात फिरवत आणि पुटपुटत, "कशाला झाकायचं हिला?" आणि सकाळी लेक माझ्यात एकटीच बसून स्वतःशी म्हणे, "आईला वाईट वाटेल का?" आत एक, बाहेर दुसरंच. खरं कोणतं मानायचं?

माझं तरी कुठे ठरत होतं? निळी होण्याच्या कल्पनेने मी मोहरायचे. लगेच वाटायचं, पापुद्र्याखाली उरेल ती मीच असेन ना?

रॅप लावणारा कारागीर आला. त्याने छपरावर नख फिरवलं, तसा एक पोपडा उचकटून आला. खालचा रंगच सुटा असेल तर वरचं धरणार नाही, पुढेमागे काढायला गेलं तर उरलेला रंगही घेऊन येईल, असं त्याने सांगितलं. आधी गंज घासून तिथे रंग द्यावा लागेल, आणि पोचे तर चकाकीमुळे जास्तच उठून दिसतील. तरी अंदाज यावा म्हणून त्याने एका दाराला निळा तुकडा लावून दिला. ते दार असं झळकलं की बाकीची मी आणखीच कळकट दिसू लागले. सिग्नलला लोक वळून बघत. मी खूश व्हावं की ओशाळावं, काही कळेना.

त्याच आठवड्यात एक शिंपीणबाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. नवऱ्याची नजर अधू होत चालली होती आणि घरची गाडी आता त्यांनाच चालवायला लागणार होती. समोरची शाळा सोडून त्या आमच्याकडे आल्या होत्या. लेकीने कारण विचारलं.

"तिथल्या नव्याकोऱ्या गाडीला हात लावायचीच धास्ती वाटते," त्या म्हणाल्या. "हिला आधीच इतके पोचे आहेत. माझ्या एकाने काय बिघडणार?"

लेकीने त्यांना स्टिअरिंगशी बसवलं.

रिव्हर्स शिकताना शिंपीणबाईंनी मला फाटकाच्या खांबाला घासलं. लेकीचा पाय ब्रेकवर गेला, पण तोवर कर्रर्र आवाज झाला होता. शिंपीणबाईंनी स्टिअरिंग सोडून दिलं. डोळे भरून आले. हे आपल्याच्याने होणार नाही, असं त्या म्हणू लागल्या. लेक उतरली, माझ्या कुशीशी वाकली, बोटाने चाचपत राहिली.

"ताई, तुमचा ओरखडा कोणता, तेच सापडेना."

शिंपीणबाईही उतरल्या. दोघी शोधत बसल्या आणि शोधता शोधता हसू लागल्या. मग शिंपीणबाई पुन्हा स्टिअरिंगशी बसल्या आणि एका दमात मला फाटकाबाहेर घेऊन गेल्या.

संध्याकाळी लेकीने आईला सांगितलं की रॅप नको. गंज काढू, तेवढ्यापुरता रंग देऊ.

"मला आधीपासून तेच वाटत होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"शाळा तुझी ना."

"शाळा माझी, पण आई तू आहेस. बोलत जा गं."

"बरं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या दारची गाडी झाकायची की नाही, ते खुशाल तुम्ही ठरवा. फक्त आधी पोपड्याखाली नख घालून बघा आणि घरातल्या माणसांना समोरासमोर विचारा. अंगभर निळी झाले असते तर कशी दिसले असते, हे अजून माझ्या मनात येतं. बरं झालं की चुकलं, मला सांगता येत नाही. एक नक्की सांगते. उद्या शिंपीणबाईंना चढ शिकायचा आहे. माझं बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, लेकीने तेवढे दोन्ही ब्रेक तपासून ठेवावेत.