सिंहांखालचा मुकुट

दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड जोह्याच्या शाळेसमोर बसणार होता. कागदपत्रे कुणाच्याच घरी उरली नव्हती. म्हाताऱ्यांच्या आठवणीवर नावे ठरली. अडले ते एकट्या जनूचे. हरकत सखा पाटलांची होती.

"जनूच्या बिल्ल्यावर सिंह हायत, साऱ्या गावानं बघितलेत. सिंह आले प्रजासत्ताक झाल्यावर. जनू तर म्हणे त्याच्या आधीच पलटण सोडून आलेला. मग बिल्ला त्याचा कसा? न् तो पलटणीत होता तरी कशावरून?"

गावाने तो बिल्ला पाहिला होता गणपतीच्या फेट्यावर. जनूचा मुलगा रघू मूर्तिकार. बापाच्या पितळी बिल्ल्यावरून त्याने प्लास्टरचा छोटा साचा काढला होता आणि दरवर्षी एक फौजी गणपती घडवीत असे. रघूच्या मागे त्याचा मुलगा प्रदीप तोच साचा वापरी.

समितीने प्रतिक्षाला बोलावले. ती रोह्याची, पेणच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारी. जुन्या पलटणींच्या चिन्हांचा तिचा अभ्यास होता. रघूची बायको धोंडुबाई मूर्तींच्या कारखान्याच्या दारातच उभी होती.

"ये गो बाय. सख्यानं माझ्या सासऱ्याला पार चोर केला बघ."

प्रतिक्षाने बिल्ला उजेडात धरला. मागची दोन कडी शाबूत होती. पुढे बिगूल ओळखू येत होता. त्याच्यावरचा भाग मात्र नुसता पितळेचा गुळगुळीत गोळा झाला होता.

"मावशी, हा इतका कशानं झिजला?"

"दसऱ्याला घासते ना. कोरण्या, विळा, हा बिल्ला, सगळं पूजेला लागतं. चिंच लावायची न् राखेनं घासायचं. लग्न होऊन आले तवापासून."

"वर मुकुट असेल तर बिल्ला इंग्रजांच्या काळातला. सिंह असतील तर नंतरचा. नेमकं तेच पुसलंय."

धोंडुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच पुसलं?"

प्रतिक्षाने साचा मागितला. साच्यात सिंह होते, स्पष्ट आणि रेखीव. झिजण्याआधीच्या बिल्ल्याचा ठसा म्हणजे सर्वांत भक्कम पुरावा. तिला वाईट वाटले, पण खोटे सांगणे तिच्याच्याने होणार नव्हते.

"पाटलांचं म्हणणं बरोबर दिसतंय," ती म्हणाली. मग केवळ खात्रीसाठी तिने बिल्ला साच्यात ठेवून पाहिला. बिगूल आपल्या जागी बसला. वरचा भाग बसेना. दाबला की बिल्ला डुगडुगे.

"प्रदीप, झिजलेली वस्तू साच्यात सैल बसायला हवी. ही अडतेय."

प्रदीपने साचा तिरका धरला. सिंहांभोवतीचे प्लास्टर जरा पांढरे होते. तो हसला. "बाबानं भर घातलीय. मूळचं बुजवून वर सिंह कोरलेत. आमच्याकडं साचा जसा निघाला तसा कोण ठेवत नाय, मॅडम. नाक नाय आवडलं तर नाक बदलायचं."

"का बदललं असेल?"

"देवाच्या माथ्यावर गोऱ्या साहेबाचा मुकुट?" धोंडुबाई म्हणाली. "माझा नवरा ठेवील होय! पण मला बोलला नाय कधी."

भर काढली तर खाली मूळ ठसा मिळण्याची शक्यता होती. साचा फुटण्याचीही होती. प्रदीपने आईकडे पाहिले. "आये, बाबाच्या हातचा हाय."

"बिल्ला तुझ्या आज्याच्या डोक्यावरचा हाय. काढ."

त्याने साचा ओला केला, कोरणीचे टोक भरीच्या शिवेत घातले आणि हलकेच उचलले. पांढरी खपली निघाली. सिंहांचे दोन तुकडे झाले. खालच्या खळग्यात शाडू दाबून त्याने ठसा उठवला. मण्यांची पट्टी, दोन कमानी, वर लहानसा क्रूस.

"राजमुकुट," प्रतिक्षा म्हणाली. "प्रजासत्ताकाआधीचा. जनू लढाईवर होते हे काही बिल्ला सांगत नाही, मावशी. ते गावानं सांगायचं. पण पाटलांची हरकत टिकत नाही, हे मी लिहून देते."

"गाव सांगतंयच. सख्यालाच दिसत नवतं." धोंडुबाईने ओला ठसा तळहातावर घेतला. "हा सुकला की त्याच्या ओटीवर नेऊन ठेवते. म्हणावं, चष्मा लावून बघ."

"आणि यंदाच्या गणपतीला?" प्रदीपने विचारले.

"बाबानं लावलेले तेच. सिंह नवे कोर."

तिने बिल्ला पदराच्या टोकात घेतला. अंगठा सवयीने पितळेवर फिरू लागला. मग ती थांबली आणि न पुसताच तो फडक्यात बांधून ठेवला.