धाकटीचं शेवाळ

धाकटीला पाण्याच्या प्रयोगशाळेत चिकटवली ती थोरलीनंच. दोघी सख्ख्या जावा. धाकटी शिकलेली, तिनं घरी का बसावं, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं आणि थोरली तिथंच कामाला, तिनं आपल्या मॅडमकडे शब्द टाकला. पुढे त्या शब्दाचा तिला फार पश्चात्ताप झाला.

नटबोल्टांना, खिळ्यांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं सांडपाणी शहराच्या तळ्यात उतरायचं आणि त्याबरोबर कॅडमियम. हा जड धातू एकदा माणसाच्या मूत्रपिंडात जाऊन बसला की सहजी निघत नाही. तो शोषून घेतील असे जीवाणू थोरली कितीतरी वर्षं वाढवत होती. पोटच्या पोरांसारखं जपायची त्यांना, पण पाण्यात कॅडमियम जरा वाढलं की ते माना टाकत.

धाकटी एकदा नमुने आणायला गेली ती नाल्याच्या तोंडाशी दगडावरचं हिरवं शेवाळ खरवडून घेऊन आली. बाकी काही जगत नाही तिथं हे मजेत आहे, तर याच्या अंगात काहीतरी असणार, एवढाच तिचा विचार. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा एकेकट्या गोल पेशींचं ते शेवाळ तिनं चंबूत दिव्याखाली वाढवलं आणि त्यात कारखान्याचं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पाण्यात कॅडमियम नावालाच उरलं होतं. काही पेशींच्या भिंतींना चिकटलं होतं, काही त्यांनी आत ओढून घेतलं होतं.

मॅडम हरखून गेल्या. चंबू घुसळत ठेवणारं यंत्र आजवर थोरलीच्या ताब्यात होतं, ते धाकटीच्या हिरव्या चंबूंनी भरलं. घरी सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आमची धाकटी शेवाळाला विष प्यायला लावते. थोरली आत भाजी चिरत ऐकायची. तिच्या कामाबद्दल त्यांनी इतक्या वर्षांत एकच चौकशी केली होती, घरी आल्यावर हात साबणानं धुतेस ना?

मग एकदा लागून आलेल्या सुट्ट्यांनंतर धाकटीचा एक चंबू टेबलावर तसाच राहिलेला थोरलीला दिसला. शेवाळ पिवळं पडून तळाशी बसलं होतं. ती धुवायला निघालीच होती, पण मनात काय आलं कोण जाणे, तिनं वरचं पाणी तपासलं. कॅडमियम पाण्यात परत आलं होतं. पेशी मरून फुटल्या होत्या आणि धरून ठेवलेलं सोडून मोकळ्या झाल्या होत्या. खात्रीसाठी तिनं आणखी एक चंबू कपाटात अंधारात ठेवून पाहिला. तेच झालं.

तिला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी तिनं धाकटीला आपण होऊन चहा करून दिला. चंबूबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

कारखान्याची माणसं बैठकीला आली. धाकटी छान बोलली. शेवाळाची टाकी बांधायची, पाणी त्यातून तळ्यात सोडायचं, अशी तिची योजना होती. सगळ्यांच्या माना डोलत होत्या, तेव्हा थोरली शांतपणे म्हणाली, "आणि टाकीतलं शेवाळ मेलं की?"

धाकटी आपले कागद चाळू लागली. थोरलीनं आपले आकडे सांगितले. मॅडमनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हाला हे आधीच कळलं होतं."

"प्रश्न बैठकीतच विचारायचे असतात."

"आपण एका ओट्यावर स्वयंपाक करतो, ताई."

थोरली खिडकीची काच सरकवू लागली. आनंद व्हायला हवा होता. झालाही होता, पण टिकत नव्हता.

धाकटी रुसून बसली नाही. शेवाळ जिवंत असतानाच दाट विणीच्या फडक्यावर गाळून काढायचं, टाकीत ताजं सोडायचं आणि गाळलेलं वाळवून बंद पिंपांत ठेवायचं, असं तिनं ठरवलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. धातू पाण्यात परतला नाही.

दुसऱ्या बैठकीत ती उभी राहिली आणि आधी म्हणाली, "हा प्रश्न माझ्या जाऊबाईंनी विचारला. नाहीतर मी सगळं विष पुन्हा तळ्यातच ओतलं असतं."

सगळे थोरलीकडे वळून टाळ्या वाजवू लागले. थोरली हसली, मान लववली.  हिनं उट्टं काढलं असतं, तर एक वेळ समजलं असतं. हा मोठेपणाही हिनंच दाखवावा?

टाकी बांधून झाली. शेवाळ गाळायचं काम मॅडमनी दोघींवर सोपवलं. फडक्याची दोन टोकं थोरली धरते, दोन धाकटी. काम चोख होतं, तळ्याचं पाणीही हळूहळू सुधारतंय. थोरली कामापुरतं बोलते. धाकटी "ताई, सांभाळून" म्हणाली, की ती फडकं जरा जास्तच जोरात ओढते.