चार बोटं लोखंड

मुलांनो, एक गोष्ट डोळ्यांपुढे आणून बघा. तुमची आई तुमच्याच शहरात राहते, धडधाकट आहे, तुमच्यावर तिचा जीव आहे. पण ती तुम्हाला आठवड्यातून एकदाच भेटते, दुपारी चार ते सहा. तेही घरात नाही, बागेतल्या एका लोखंडी बाकड्यावर. जमतंय का? नसेल जमत तर घाई नाही, सावकाश आणा. मी थांबतो.

आता ते बाकडं काढून टाका.

ही अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीची गोष्ट. तिच्या खिशात कायम काहीतरी कुरतडायला असायचं, म्हणून बाबा तिला खारू म्हणत; मग सगळेच म्हणू लागले. दूर देशातून तिघंही या शहरात पोटासाठी आलेली. बाबा वेल्डर होते. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत ते, खारू आणि आणखी तिघे कामगार राहत. एका भिंतीला पाच जणांच्या पिशव्या टांगलेल्या, आणि दुसऱ्या भिंतीशी पडदा लावून केलेला खारूचा कोपरा. आई एका आजारी आजोबांना सांभाळायची. त्यांच्याच घरी राहायचं, त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, आणि गोळ्या थुंकल्या की पुन्हा द्यायच्या. सुट्टी म्हणजे ते दोन तास. खोलीवर जाऊन परत यायलाच दोन तास लागायचे, म्हणून भेट त्या घराशेजारच्या बागेत.

बागेत सहा बाकडी होती. सुट्टीच्या वारी तिथं आईसारख्या बायका यायच्या, रंगारी यायचे, फरशी बसवणारे यायचे. डबे उघडायचे, गावाकडच्या गप्पा निघायच्या, कुणी मोठ्यानं हसायचं, कुणी हळूच रडूनही घ्यायचं. आई खारूची वेणी घालायची.

"हे डोकं आहे की घरटं?" ती दर वेळी विचारायची. "आठवडाभर कंगवा कुठं होता?"

"बाबा विंचरतात की."

"बाबा विंचरत नाहीत, गंज काढतात." मग बाबांकडे वळून, "अहो, पोरीचं डोकं आहे ते, फाटक नव्हे!"

बाबा हसायचे आणि तिच्यापुढे संत्रं सोलून ठेवायचे.

एके दिवशी बागेच्या फाटकावर कागद लागला. बाहेरच्या लोकांच्या घोळक्यामुळे रहिवाशांना त्रास होतो, सबब बाकडी काढण्यात येतील. खाली रहिवाशांच्या कमिटीचा शिक्का आणि आजूबाजूच्या सत्तर जणांच्या सह्या. सातवी सही आजोबांची. आईनं ती लगेच ओळखली, कारण पेन धरताना त्यांचा हात थरथरतो, आणि एरवी तो हात तीच धरते.

कामगारांच्या मदत केंद्रात एक समाजसेविका होती. काखेत कायम फायली असायच्या म्हणून सगळे तिला फायलीताई म्हणत. खारूचं शाळेत नाव घातलं तेही तिनंच. ती धावत आली, आणि बाकड्यावर बसून तिनं एक अर्ज लिहिला. मग वाचून दाखवला: "आम्ही गरीब, असहाय माणसं आहोत. आमच्यावर दया करावी..."

"हे कुणाबद्दल लिहिलंय?" आईनं विचारलं.

"तुमच्याबद्दलच."

"मी असहाय? ऐंशी किलोचा माणूस रोज मी एकटी उचलून बसवते, ताई. असहाय मी का ते?"

शेजारच्या रंगाऱ्याला हसू आवरेना. फायलीताईचे कान लाल झाले. "अहो, दया वाटली तर लोक ऐकतात."

"दया वाटली की लोक जुने कपडे आणून देतात. माझ्याकडे कपडे आहेत. मला माझ्या पोरीशेजारी बसायचंय."

फायलीताईनं अर्जाकडे पाहिलं. मग तिनं तो उभा फाडला, आडवा फाडला आणि तुकडे पर्समध्ये टाकले. "बरं. मग काय लिहू?"

"तेवढं एक विचारा," आई म्हणाली, "की ही बाकडी आहेत कुणाची."

फायलीताई तो एकच प्रश्न घेऊन सरकारी बागखात्याच्या पायऱ्या झिजवू लागली. आज साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेली की परवा या. आणि तोवर इकडे काम निघालंही.

"उद्या बागेतली बाकडी कापायचीत," जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "कमिटीनं आमच्या मालकाला काम दिलंय."

खारूचा घास हातातच राहिला. "आपल्या बागेतली?"

"हं."

"नाही म्हणा!"

"मी नाही म्हटलं तर मालक दुसऱ्याला पाठवेल. बाकडी जायचीच आहेत."

"पण तुम्ही कापणार!"

"हो. मी कापणार."

खारू ताट तसंच ठेवून पडद्याआड गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा परतले तेव्हाही ती पडद्याआडच होती. बाबा पडद्याबाहेर फरशीवर बसले. अंगाला कापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

"खारू, बोलू नकोस माझ्याशी. पण कान उघडे ठेव."

खारूनं आतून पडद्याची कड मुठीत धरली.

"हुकूम होता, जमिनीलगत सफाचट कापायचं. मी प्रत्येक पायाला चार बोटं ठेवली. वरून माती ओढली, पाला पसरला. बाकडी माळ्याच्या खोलीमागं नीट रचून ठेवली."

मग पडदा जरासा हलला. "चार बोटांनी काय होतं?"

"जमिनीलगत कापलं की संपलं. मग खाली सिमेंटचा पाया फोडा, नवा ओता, महिनाभर धंदा. चार बोटं असली की तासाभरात जोड बसतो. लोखंडाला धरायला लोखंड लागतं, बाळा."

"मालकाला कळलं तर?"

"तर मी घरी बसेन. म्हणून हे फक्त तुला आणि मला." बाबांनी आवाज आणखी खाली आणला. "आईलासुद्धा नाही. ती आनंदानं ओरडेल."

पुढच्या सुट्टीला बाग मोकळी मोकळी दिसत होती. कमिटीच्या बाई फाटकाशी उभ्या होत्या, आता हे लोक उलट पावली जातील म्हणून. पण आई आली, आपल्या बाकड्याच्या जागेवर गेली आणि खाली मातीत बसली. खारूला पुढ्यात घेतलं आणि कंगवा काढला. बाबा शेजारी टेकले. मग रंगारी आपल्या जागेवर बसला. मग बाकीचे. जिथं जिथं बाकडं होतं, तिथं तिथं माणसं; तीच ओळ, तोच गलका.

बाई तरातरा आल्या. "आता जमिनीवर बसलात? जराही लाज नाही?"

"आमची वेणी व्हायचीय अजून," आई म्हणाली. "जमीनही उचलून न्यायची असेल तर न्या. आम्ही तोवर बसतो."

इतक्यात सुनेचा हात धरून आजोबा आले. रोज संध्याकाळी आई त्यांना इथं फिरवून बाकड्यावर बसवायची. गुडघे धरल्यामुळे आठवडाभर ते घरातच होते, आणि आई सुट्टीवर म्हणून आज सून त्यांना घेऊन आली होती. त्यांनी काठी इकडे आपटली, तिकडे आपटली.

"माझं बाकडं कुठाय?"

"काढलं, आजोबा," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुम्हीच सही केलीत."

"मी सही केली ती त्या लोकांना काढायला! बाकडं काढायला नव्हे!"

"ते लोक म्हणजे मीच की."

आजोबांचं तोंड उघडं राहिलं. ते आईकडे बघत राहिले, मग तिच्या शेजारच्या माणसांकडे. "तू होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, दुसरे कोणी." आणि मग सगळा राग त्यांनी कमिटीच्या बाईंवर काढला. "मला गंडवलंत! आणा माझं बाकडं! माझे गुडघे मला उभं राहू देतायत का?"

बाई काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून फायलीताई आली. तिच्यामागं बागखात्याचे साहेब. पंधरा दिवस ती ज्या कागदाची वाट बघत होती, तो त्यांच्या हातात होता. साहेबांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की बाग सगळ्यांची आहे, बाकडी खात्याची आहेत, आणि ती काढायची परवानगी खात्यानं कुणालाही दिलेली नाही. सबब बाकडी परत बसवावी लागतील.

रंगाऱ्यानं शिट्टी मारली. आईनं खारूची वेणी हातात तशीच धरून ठेवली.

"हो का?" कमिटीच्या बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आता ती कापून झालीत. अगदी जमिनीलगत. बघा तुम्हीच."

साहेबांनी पाहिलं. पाला होता, माती होती, बाकड्यांचा मागमूस नव्हता. त्यांनी मान हलवली. "मग अवघड आहे. चोवीस पाये फोडून नवे ओतायचे... एवढा निधी यंदा नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे खारूला पक्कं माहीत होतं. घरच्यांना एकत्र राहायला खोली मिळावी म्हणून बाबांनी मालकाला विचारलं होतं, तेव्हा मालकही हेच म्हणाला होता. त्याला तीन वर्षं झाली होती.

फायलीताईनं फायली छातीशी घट्ट धरल्या. बाईंनी फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वर्कशॉपच्या मालकांनाच विचारते. काम चोख झालंय ना ते."

खारूनं बाबांकडे पाहिलं. बाबांचं सगळं काम, पाच जणांच्या खोलीतला तो पडद्याचा कोपरा, सगळं त्या एका फोनवर अवलंबून होतं. ओठ घट्ट मिटून ती नुसती बघत राहिली.

बाबा उठले. त्यांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. साहेबांकडे, बाईंकडे आणि बाईंच्या कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं, आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "बाकडी मी कापलीत. खारू, साहेबांना दाखव."

"काय दाखव?" आई म्हणाली. "अगं खारू, वेणी! अर्धीच झालीय!"

पण खारू केव्हाच तिच्या हातातून सुटली होती. आई जिथं बसली होती त्याच्याच शेजारी तिनं गुडघे टेकले. दोन्ही हातांनी पाला उडवला, माती मागं भिरकावली, साहेबांच्या बुटांवर पडली तरी थांबली नाही. नखं लोखंडाला लागली तशी तिनं भोवतालची माती ओंजळीनं काढली, फ्रॉकच्या टोकानं खुंट पुसला आणि त्याला आपली चार बोटं टेकवून बघितली. चार बोटांच्या वरही लोखंड उरलं होतं.

मग ती उठली, अर्धी वेणी पाठीवर टाकली आणि दुसरा पाय उकरायला बसली.