साडेबारा ते अडीचचं ऊन

जानेवारीतल्या त्या आठवड्यात मयूर विहारवर धुकं असं बसलं होतं, की समोरची बिल्डिंग नुसत्या आवाजांवरून ओळखायची. कुकरची शिट्टी, कुणाचा तरी खोकला, मग परत पांढरी शांतता. बळवंतराव सोहोनींना त्याचं काही विशेष नव्हतं. काचबिंदूमुळे गेली चार वर्षं ते अशाच धुक्यात राहत होते.

"आता सगळी दिल्ली माझ्यासारखी बघते," ते म्हणायचे.

रिटायर होईपर्यंत ते ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनियर होते. कुठल्या राज्याकडे किती वीज वळवायची, हे पाहण्यात चौतीस वर्षं गेली. नजर अधू झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. गच्चीवर सोलर पॅनल बसवले आणि घरात बॅटरी. दिवसा साठवायचं, अंधारात वापरायचं. रोज संध्याकाळी प्रमोदिनीबाई इन्व्हर्टरवरचा आकडा नवऱ्याला वाचून दाखवायच्या आणि ते गाणं ऐकावं तशी मान डोलवायचे.

त्या शनिवारी सहा वाजता लाइट गेले. रस्त्याखालची केबल जळाली होती. सकाळपर्यंत काही होत नाही, असं चौकीदार सांगून गेला. सोहोनींच्या घरातला दिवा मात्र एकदा लुकलुकला आणि तसाच जळत राहिला.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली वृंदा होती. ती शाळेत बायोलॉजी शिकवायची. सगळं आयुष्य दिल्लीत गेलं असल्यामुळे तिच्या मराठीत अर्धी हिंदी.

"काकू, प्लीज, थोडी लाइट मिळेल का? माझे अंडे मरून जातील."

"अंडी म्हण गं. कसली अंडी?"

थंडीमुळे शाळेला अचानक सुट्टी दिली होती. मुलांच्या प्रयोगासाठी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली कोंबडीची बारा अंडी कुणी सांभाळायची, म्हणून वृंदा पेटीसकट घरी घेऊन आली होती. आज विसावा दिवस. दोन अंड्यांना तडे गेले होते.

"मग त्यांना रात्रभर ऊब हवी," आतून बळवंतराव म्हणाले.

वृंदा गोंधळली. "ऊब? म्हणजे ते बोअर होतात?"

प्रमोदिनीबाईंना हसू आवरेना. "अगं, ती हिंदीतली ऊब. ही आपली. पांघरुणातली."

"किती वॉटची पेटी?" बळवंतरावांनी विचारलं.

"चाळीस."

"आणि बॅटरी किती आहे गं?"

"तेवीस टक्के. ऊन आज साडेबारा ते अडीचच होतं ना."

बळवंतरावांनी डोळे मिटून हिशेब केला. "दहावर बॅटरी आपोआप बंद पडते. हातात राहिले तेरा. पेटीला सकाळपर्यंत पुरतील, पण पेटीलाच. दुसरं काही नाही."

"हीटर?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"बंद."

"फ्रिज?"

"बंद. बाहेर फ्रिजच आहे."

"आणि हा दिवा?"

ते थांबले. दिव्याचा त्यांना स्वतःला काही उपयोग नव्हता. तो प्रमोदिनीबाईंसाठी जळायचा. "ते तू ठरव," ते हळूच म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी उठून बटण बंद केलं.

मग दोन दारांच्या मधल्या पॅसेजमधून लांब वायर गेली आणि तिघं वृंदाच्या जेवणाच्या टेबलाभोवती रजया पांघरून बसली. पेटीच्या काचेआड एक नारिंगी ठिपका जळत होता. बाकी खोली विरघळून गेल्यासारखी. खिडकीला धुकं टेकलं होतं. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत की एखाद्या नावेत, हे प्रमोदिनीबाईंना मधूनच कळेनासं व्हायचं.

"अहो, ही दुपारचीच वीज ना?" त्यांनी विचारलं. "तेव्हा मी गच्चीत मटार सोलत होते. इतकं छान वाटलं, की शाल काढून ठेवली."

"तेच ऊन. तुझ्या पाठीवर पडलं ना, त्याच्या शेजारचं."

त्या पेटीत दुपार निजली आहे आणि आपण तिच्या उशाशी बसलो आहोत, असं प्रमोदिनीबाईंना वाटलं. त्यांचा डोळा लागला.

"कुणीतरी बोलतंय," एकाएकी बळवंतराव म्हणाले.

वृंदाला काही ऐकू येईना. बळवंतरावांनी पेटीला कान लावला. कवचाच्या आतून, फार लांबून यावी तशी, बारीक चिवचिव येत होती. एक थांबली की दुसरी.

"हो काका! चूज़े अंड्यातूनच एकमेकांना बोलावतात."

"पिल्लं," प्रमोदिनीबाई झोपेतच म्हणाल्या.

साडेनऊला पहिलं पिल्लू बाहेर आलं, ओलंचिंब आणि थकलेलं. वृंदा रडली. पुढचं पिल्लू कवच फोडताना अडकलं, तेव्हा तिचा हात झाकणाकडे गेला. बळवंतरावांनी चाहुलीवरूनच तो अचूक धरला. "उघडू नकोस. सगळी ऊब जाईल. थांब." तासाभराने तेही सुटलं.

पहाटे लाइट आले तेव्हा बॅटरी बारा टक्क्यांवर होती. बारांतल्या आठ अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. उरलेल्या चारांतून काहीच आवाज येत नव्हता. वृंदाने ती खालच्या बागेत पुरली. परत आल्यावर तिने एक वाळलेलं, मऊ पिल्लू बळवंतरावांच्या तळहातावर ठेवलं.

"गरम आहे," ते म्हणाले. समोरचा चहा गार झाला तरी तो हात हलला नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेचे माळी धीरज पिल्लं न्यायला आले. त्यांचं घर नोएडाच्या पलीकडे, गावात. ते टोपली उचलू लागले तेव्हा बळवंतरावांनी त्यांना थांबवलं.

"धीरजजी, घर में रात को बिजली जाती है?"

"रोज़ जाती है साहब."

"छत पक्की है?"

"पक्की है."

बळवंतराव खुर्चीत सावरून बसले. "प्रमोदिनी," त्यांनी हाक मारली, "जरा कागद आणि पेन घेऊन ये. पॅनल-बॅटरीचे आकडे सांगतो, तू लिहून घे."