राहीबाईच्या डब्यातली बसकी

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हते. ज्यानं जीव लावला त्याचीच चूक सांगायची, म्हणजे जिवावर येतं! पण राहवत नाही. ऐका.

मी एक जुनी बसकी आहे. जाड पानांचं, जमिनीला टेकून पसरणारं झाड. वरून पाहिलंत तर हिरवं कमळच! बसकी हे नाव राहीबाईनं ठेवलं. "उभं राह्यचं नावच घेत न्हाई ही!" म्हणाली.

साल एकोणीसशे त्रेचाळीस, महायुद्धाचे दिवस. फौजेत निघालेल्या थॉमसनं मला सोनई गावात आपल्या दोस्ताच्या, शमुवेलच्या हाती दिलं. "मी येईपर्यंत जप." बस्स, एवढंच! शमुवेलनं शेजारच्या राहीबाईचा रॉकेलचा रिकामा डबा मागून आणला, काळी माती भरली, मला लावलं. मग काय, लाडच लाड! सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या. पाहुण्याला पाणी नको का विचारायला?

पंधरा दिवसांत माझी खालची पानं पिवळी, काचेसारखी झाली. तहान लागली असेल म्हणून दुपारीही तांब्या! बोट लागलं की पान गळायचं. थॉमसला काय तोंड दाखवू, म्हणून शमुवेल रडकुंडीला आला.

राहीबाईची उभी हयात कांदे राखण्यात गेलेली. तिनं माझं पान चिमटीत दाबलं.

"आरं मुडद्या, ही तहानली न्हाई, बुडालीय! ओला कांदा असाच सडतो. डब्याला भोक कुठंय?"

"मावशी, डबा तुमचा हाय. भोक पाडल्यावर पाणी भरायला कामाचा न्हाई राह्यचा. लढाईत दुसरा मिळंल व्हय?"

"मग काय डब्याची पूजा करू? खिळा आन!"

ठाण! ठाण! ठाण! तिनंच ठोकला. काळं पाणी भळाभळा वाहिलं. तिनं कुजकी मुळं कापली, मला दोन दिवस सावलीत सुकवलं आणि मुरूम-वाळूत पुन्हा लावलं. "आता तांब्याला हात लाव, मग बघते तुला!"

शमुवेल दिवसातून दहादा माझ्यापाशी यायचा. बघायचा, हात पाठीमागं धरून परत जायचा. आणि एका सकाळी ओरडलाच, "मावशी, पळत या! पिल्लू आलंय!"

माझ्या कुशीत वाटाण्याएवढी लेक! राहीबाई पिठाच्या हातानं धावत आली.

मित्रांनो, माया करा, खूप करा. पण ओतण्याआधी मातीत बोट घालून बघा.

आणि राहीबाईला मी त्याच सकाळी मनातून सांगितलं, "बाई, तुझा डबा काही मला परत करता येत नाही. पण ही लेक मोठी झाली की पहिली तुझ्याच दारी नांदायला येईल. वचन!"